डिस्चार्जनंतरचा पत्ता

दादाला बरं वाटू लागलं होतं. रात्रीची झोप सलग लागत होती, वॉर्डातल्या मामांशी तो क्रिकेटवर बोलत होता, मी नेलेले लाडू शेजारच्या कॉटवरच्या माणसाला देत होता. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, आता यांना इथे ठेवायचं वैद्यकीय कारण उरलेलं नाही, पुढची व्यवस्था बघा. सिस्टरांनी कागद पुढे केले. त्यात डिस्चार्जनंतरच्या पत्त्याचा एक रकाना होता. तो मला भरता आला नाही.

मानसिक आजार असलेल्या माणसाला औषध हवं, डॉक्टर हवा, घरच्यांचा आधार हवा, हे सगळेच सांगतात. त्याला राहायला जागा हवी आणि त्या जागेत रोज थोडी मदत हवी, हे मात्र ज्याचं त्याला अडल्यावर कळतं. आम्ही ती जागा पुण्यात कशी उभी केली ते सविस्तर लिहिते आहे, कारण हाच प्रश्न घेऊन कुणा ना कुणाचा फोन मला अजूनही येतो.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला होता. चोविसाव्या वर्षी आजार सुरू झाला, पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर नारायण पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांत, आई आणि दादा असे दोघंच राहिले. मी लग्न होऊन कोथरूडला. दादाचं छान चाललंय, असं आम्ही सगळे नातेवाईक म्हणायचो. ते कुणाच्या जिवावर चाललं होतं, ते आई गेल्यावर दिसलं.

आई रात्री साडेआठला ताटाशेजारी गोळ्या ठेवायची आणि तो त्या पाण्याबरोबर घेईपर्यंत जागची हलायची नाही. तो अंघोळीला गेला की किती वेळ लागतोय याकडे तिचे कान असायचे. दोन रात्री त्याच्या खोलीतला दिवा जळत राहिला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या दारात. वाड्यात कुणाशी त्याचं वाजलं तर संध्याकाळी वाटीत काहीबाही घेऊन त्यांच्याकडे बसून यायची. वीजबिल, रेशन, केस कापायची आठवण, दाढ दुखतेय हे त्याच्या तोंडून काढून घेणं, सगळं एकटीने केलं. तिला सुटी नव्हती आणि तिच्या जागी उभं राहायला दुसरं माणूसही नव्हतं.

तिच्या मागे वर्षभरात सगळं उसवत गेलं. गोळ्या घेतोय, असं दादा फोनवर सांगायचा. मी जमेल तसा डबा घेऊन जायचे. डबा तसाच राहायचा, कारण अन्नात कुणीतरी काही मिसळतं असं त्याला वाटू लागलं होतं. त्यातच वाडा पुनर्विकासाला गेला. नव्या इमारतीत जागा मिळणार होती, पण तोवर राहायचं कुठे? बिल्डरकडून येणाऱ्या भाड्यात कॉट बेसिसवर एक खोली मिळाली. पेठांमध्ये विद्यार्थ्यांसाठी अशा खोल्या गल्लोगल्ली आहेत. तिथे चार दिवस दार उघडलं नाही तरी कुणाला कळायचं कारण नव्हतं. शेवटी एका पहाटे स्वारगेटच्या एसटी स्थानकावरून पोलिसांचा फोन आला. दादा दोन रात्री तिथल्या बाकावर होता.

भरती करताना कायद्याशी पहिली ओळख झाली. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. दादा त्या वेळी स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून कलम 89 खाली, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभं राहणारं माणूस, या नात्याने माझ्या अर्जावर त्याला दाखल करून घेतलं. अशी भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची. त्यापुढे ठेवायचं तर कलम 90, त्याचे निकष आणखी कडक, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी लागते. रुग्णालयातल्या समाजसेविका मॅडमनी मला कलम 19 काढून दाखवलं. कुटुंब नाही, कुटुंब नेत नाही, राहायला घर नाही किंवा समाजात तशी सोय नाही, यांपैकी कोणत्याही कारणासाठी माणसाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. कलम 18 तर सरकारलाच सांगतं की हाफ वे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्यामधलं राहण्याचं ठिकाण, आणि आधारासहित निवास यांची सोय करा.

वाचून धीर आला आणि रागही आला. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे होऊनही, केवळ न्यायला कुणी नाही म्हणून वर्षानुवर्षं आत राहिलेल्या माणसांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांना जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला. त्यातल्या प्रत्येकाच्या कागदावर माझ्यासारखाच कुणीतरी एक रकाना रिकामा सोडला असणार. दादाचं तसं मी होऊ देणार नव्हते.

पहिला पर्याय अर्थात माझं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी दहावीत. हे म्हणाले, घेऊन ये, काढू दिवस. त्यांचं मन मोठं आहे. पण समाजसेविका मॅडमनी मला खुर्चीत बसवून एक गोष्ट सांगितली. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने 1950 च्या दशकात रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांचा मागोवा घेतला. जे आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेले त्यांच्यापेक्षा जे भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे गेले ते बाहेर जास्त टिकले. पुढच्या अभ्यासांतून कळलं की घरात सतत टीका होत असेल, वैताग असेल किंवा घरचं माणूस आजाऱ्यात अति गुंतलेलं असेल, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. मॅडम म्हणाल्या, 'तुमची माया खरी आहे हो. पण चोवीस तास एकाच छपराखाली तुम्ही त्याच्याकडे डोळे लावून बसाल, आणि ते त्याला झेपणार नाही. तुम्हालाही नाही.' भावंडांकडे गेलेले टिकले होते, हे मलाही दिसत होतं. पण माझ्या त्या दोन खोल्यांत दादाला दार लावून घ्यायला एक कोपरासुद्धा नव्हता.

मग शोध सुरू झाला. वृद्धाश्रमांनी वय विचारलं आणि साठ पूर्ण नाहीत म्हणून नकार दिला. एकाने वय चालवून घेतलं आणि आजाराचं नाव ऐकून फोन ठेवला. शहराबाहेरचं एक खासगी केंद्र बघायला गेले. फाटकाला आतून-बाहेरून कुलूप, माणसांना मोबाइल नाही, नातेवाइकांनी ऑफिसातच भेटायचं, खोल्या बघायच्या नाहीत. किती दिवस ठेवता, असं विचारलं तर उत्तर आलं, 'तुम्ही पैसे भराल तोपर्यंत.' तिथून बाहेर पडले तेव्हा पाय थरथरत होते. तामिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेली 28 माणसं गेली. पूर्वी कधीतरी वाचलेली ती बातमी परतीच्या बसमध्ये डोक्यातून जाईना.

चांगली हाफ वे होम्स पुण्यात आहेत, हे आवर्जून सांगते. दिवसाचं वेळापत्रक, व्यवसायोपचार, गटचर्चा, सगळं मनापासून करतात. पण त्यांचं काम रुग्णालय आणि घर यांच्यामधला टप्पा पार करून देण्याचं. काही महिन्यांनी तिथूनही डिस्चार्ज मिळतो आणि तोच रकाना पुन्हा समोर येतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची घरौंदा नावाची गटनिवासाची योजना आहे, तीही चौकशी केली. तो न्यास 1999 च्या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी स्थापन झाला. मानसिक आजार त्यात येत नाही.

दार उघडलं ते स्वमदत गटात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. धायरीला तिचं केंद्र आहे. आजारी माणसाला तिथे शुभार्थी म्हणतात, त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. त्या वर्तुळात मला पहिल्यांदा माझ्यासारखी माणसं भेटली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं: आमच्यानंतर काय? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा पस्तिशीचा, इंजिनिअरिंग अर्धवट सुटलेलं. आणखी एक जण होते, त्यांचे थोरले बंधू बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेले. एका बैठकीनंतर चहा घेताना आजी म्हणाल्या, 'अहो, आपली तिन्ही माणसं स्वतःचं जेवतात, नेसतात, बोलतात. तिघांत मिळून एक जागा आणि हाताशी एक माणूस, एवढं जमणार नाही का आपल्याला?'

असं कुणी कुठे केलंय का, ते शोधलं. चेन्नईत 1993 साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी बेघर, मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'द बॅनियन' सुरू केली. त्यांचा 'होम अगेन' नावाचा उपक्रम आहे. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याचं घर घेऊन एकत्र राहतात, सोबतीला एक मदतनीस बाई. त्या बाजारात जातात, भांडतात, सण करतात. आमच्या मागे संस्था नव्हती. तीन घरं होती आणि त्या घरांतली जिद्द होती.

सगळ्यात आधी दादाला विचारलं. हे मुद्दाम लिहिते, कारण अनेक घरांत आजारी माणसाला सोडून बाकी सगळ्यांशी चर्चा होते. तो खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'किल्ली कुणाकडे?'

तुझ्याकडे, म्हटलं.

'कपाटाचीपण?'

कपाटाचीपण.

त्याने आणखी दोन अटी घातल्या: हॉलमध्ये टीव्हीवर बातम्या लावायच्या नाहीत, आणि सकाळी दहाच्या आधी त्याला उठवायचं नाही. दुसऱ्या अटीमागे कारण होतं. तो क्लोझापिनवर होता. त्या गोळीने सकाळी डोकं जड राहतं, झोपेत लाळ गळते, उशी भिजते, बद्धकोष्ठ होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पुढे अंतर वाढतं. पण हीच गोळी त्याला लागू पडली होती. म्हणजे ज्या घरात सकाळी उठून सगळ्यांनी सहाला सूर्यनमस्कार घालायचे असा नियम असेल, ते घर त्याच्या कामाचं नव्हतं.

जागा मिळायला फार त्रास झाला. तिघे पुरुष, बिनलग्नाचे, नोकरी नसलेले. एवढ्यावरच दलाल माघार घ्यायचे. आजार सांगायचा की नाही यावर आमच्या तीन घरांत रात्री उशिरापर्यंत वाद झाले. बँकवाल्या काकांच्या भावाचं म्हणणं, सांगितलंत तर म्हातारे होईपर्यंत जागा शोधत बसाल. आजींचं म्हणणं, लपवलं तर पहिल्याच दिवशी आपणच त्यांना लाज शिकवली असं होईल. मालकाला सांगायचं आणि सोसायटीत कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, यावर शेवटी सगळे आले. धायरीतला एक दोन बेडरूमचा फ्लॅट ज्यांचा होता, त्या गृहस्थांची बहीण याच आजाराने गेलेली. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. भाडं मात्र चालू दरानेच घेतलं, आणि ते मला आवडलं. उपकाराच्या जागेत माणूस अवघडून राहतो.

करार कुणाच्या नावाने करायचा यावर मी हटून बसले. वकील म्हणाले, तुम्हा तीन नातेवाइकांच्या नावाने करा, सोपं जाईल. पण मग दादा त्या घरात पाहुणाच राहिला असता. 2017 च्या कायद्यात स्पष्ट आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस कायद्याच्या दृष्टीने मनाने अक्षम ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय. म्हणून तिघांची नावं भाडेकरू म्हणून घातली आणि आम्ही साक्षीदार राहिलो. अकरा महिन्यांचा करार, नोंदणीसाठी माणूस घरी यंत्र घेऊन आला, तिघांनी अंगठे दिले, फोटो काढले. मग पोलीस पडताळणी. दादाच्या आधार कार्डावर तोवर पाडलेल्या वाड्याचा पत्ता होता. नोंदलेल्या कराराच्या प्रतीवर त्याने स्वतः जाऊन पत्ता बदलून घेतला.

वकिलांनी एका बाबतीत सावध केलं. पैसे घेऊन मनोरुग्णांना ठेवण्यासाठी, त्यांच्यावर उपचार करण्यासाठी जागा चालवली तर ती मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि तिची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नातेवाईक किंवा मित्रांसोबतचं राहतं घर त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. त्यामुळे बाहेरचं चौथं माणूस फी घेऊन ठेवायचं नाही, उपचार डॉक्टरांकडे जाऊनच घ्यायचे, हिशेब तिन्ही घरांसमोर उघडा, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. ज्यांना असं घर करायचंय त्यांनी वकिलाचा हा सल्ला आधी घ्यावा.

सोसायटीच्या कमिटीने बोलावलं. अध्यक्ष निवृत्त लष्करी अधिकारी. खाली लहान मुलं खेळतात, त्यांचं काय, असं एका बाईंनी विचारलं. त्यांची भीती खोटी नव्हती. अशा माणसांबद्दल त्यांनी जे पाहिलं होतं ते सिनेमात. आजींनी त्यांना मुलाच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. मी दिव्यांग हक्क कायद्याची, 2016 च्या कायद्याची प्रत नेली होती. त्यातलं पाचवं कलम म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि एखाद्या ठरावीक ठिकाणीच राहायची सक्ती तिच्यावर करता येत नाही. ती पिशवीतून बाहेर काढावी लागली नाही. अध्यक्ष म्हणाले, तिघांचे आणि तुमचे नंबर वॉचमनकडे द्या, काही वाटलं तर आधी तुम्हाला फोन करू. एवढंच तर हवं होतं.

पैशाचं सांगते. भाडं, मदतनिसाचा पगार, वीज, गॅस, किराणा, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, सगळं धरून एका घराच्या वाट्याला महिन्याला 15-16 हजार येतात. दादाचा हिस्सा बाबांच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून निघतो. सरकारी शिक्षकाचं मूल मानसिक आजारामुळे कमावू शकत नसेल तर आईनंतर ते निवृत्तिवेतन त्याला मिळू शकतं, हे आम्हाला आईच्या मृत्यूनंतर कितीतरी दिवसांनी, तेही गटातून कळलं. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र, कागदांची चळत आणि पुष्कळ चिकाटी लागते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. मानसिक आजारात ते आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर ठरतं: स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद व समज, काम, आणि आजार किती वर्षांचा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर योजनांचा लाभ मिळतो. तपासणीच्या दिवशी घरचे लोक माणसाला नवा शर्ट घालून, केस विंचरून, 'नीट उत्तरं दे हं' असं बजावून नेतात. त्यापेक्षा आदला महिना कसा गेला ते खरं खरं सांगावं. आणि ज्यांना निवृत्तिवेतन नाही, कमावतं कुणी नाही, त्यांचं काय? संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांत पुण्यात खोलीचं भाडंही निघत नाही. आमचं घर तीन मध्यमवर्गीय कुटुंबांच्या ऐपतीवर उभं आहे, ही गोष्ट मला टोचते. म्हणून हे सरकारने करायचं काम आहे असं मी ज्याला-त्याला सांगत असते.

मदतनीस हा या सगळ्याचा कणा. आमच्याकडे आलेला माणूस बीड जिल्ह्यातला, आधी एका आजोबांच्या सेवेला होता. सेवा त्याच्या हाडात मुरलेली, आणि सुरुवातीला तीच अडचण झाली. तो तिघांचे कप विसळायचा, कपडे वाळत घालायचा, आंघोळीचं पाणी काढून द्यायचा, गोळ्या हातावर ठेवायचा. महिन्याभरात आजींचा मुलगा स्वतःचा चहाही करेनासा झाला. मग तिन्ही घरांनी बसून ठरवलं की कुठली कामं मदतनिसाने करायची नाहीत. चहा ज्याचा त्याने करायचा. कुकर आळीपाळीने. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून, त्या आणायला दादा जाणार. गोळ्यांचा खणांचा डबा रविवारी प्रत्येकाने स्वतः भरायचा, मदतनिसाने शेजारी बसून फक्त बघायचं, आणि रात्री नऊला विचारायचं, झाल्या का?

त्याला आणखी काही गोष्टी डॉक्टरांनी शिकवल्या. शेजारचे भिंतीतून ऐकतात, असं कुणी म्हणालं तर वाद घालायचा नाही आणि हो ला होही म्हणायचं नाही. तुम्हाला त्याचा त्रास होतोय का, झोप लागली का, एवढं विचारायचं. सिगारेटींवर लक्ष ठेवायचं, पण बंदी घालायची नाही. कारण धूम्रपान एकदम कमी-जास्त झालं तर क्लोझापिनची रक्तातली पातळी बदलते, तेव्हा कमी करायच्या असतील तर आधी डॉक्टरांना कळवायचं. फ्रिजच्या दारावर प्रत्येकाची धोक्याची चिन्हं लिहिलेला कागद आहे, ज्याचा त्याने स्वतः लिहिलेला. दादाने लिहिलंय: रात्री दिवा. खिडक्या बंद. दुसऱ्याने केलेला चहा नको. आईला जे पाठ होतं ते तिथे तीन ओळींत आलं.

पहिले काही महिने कठीणच गेले. काका फोनवरून भावाला रोज सांगायचे, मला घरी ने. बाथरूमवरून भांडणं झाली. दादा दोन आठवडे खोलीतच जेवला. मी रोज जायचे नाही, मुद्दाम, रविवारी जायचे. मग पाण्याने वळण दिलं. धायरीत पाण्याची ओढ असते. नळाला पाणी कधी येतं, टँकर कधी बोलवायचा, टाकी किती भरली, याचं वेळापत्रक दादाने आखलं, ड्राफ्ट्समनच्या त्या रेखीव अक्षरात, आणि ते आता फक्त त्यांच्या फ्लॅटचं राहिलेलं नाही. वॉचमन रोज संध्याकाळी त्याला विचारून जातो. मला जाहीरपणे सांगावंसं वाटतं की ते काम त्याला उपचार म्हणून कुणी दिलेलं नव्हतं. पाणी खरंच येत नव्हतं.

घराचा खरा उपयोग कळला तो दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत. ढोलताशांचे सराव महिनाभर आधीच सुरू झाले होते. उत्सवात रात्री उशिरापर्यंत स्पीकर. दादाची झोप उडाली. खिडक्या बंद झाल्या. मदतनिसाने त्याच दिवशी मला आणि डॉक्टरांना कळवलं. डोस बदलला, तरी दोन दिवसांत त्याला पुन्हा सगळं ऐकू यायला लागलं. या वेळी मात्र तो स्वतः म्हणाला, काही दिवस दवाखान्यात जातो. कायद्यात त्याला स्वतंत्र भरती म्हणतात, कलम 86. सही त्याचीच, माझी लागली नाही. पोलीस नाहीत, एसटी स्थानक नाही, ओढाताण नाही. जाताना त्याने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पाण्याचा तक्ता काकांकडे दिला.

त्या काळातलं त्याचं भाडं आम्ही भरत राहिलो. कुणीतरी सुचवलं होतं की तोवर दुसऱ्या कुणाला ती कॉट द्यावी, खर्च निघेल. आजींनी साफ नाही म्हटलं. आजारी पडल्यावर जागा जाणार असेल तर कुणीही आजार सांगणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला या सगळ्या अनुभवात सर्वांत मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कला 1992 साली सॅम त्सेम्बेरिस यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांसाठी जे काम सुरू केलं, त्याच्या मुळाशी हेच आहे: घर आधी द्यायचं, बरं होण्याची अट घालायची नाही, आणि पुन्हा आजारी पडला म्हणून काढून घ्यायचं नाही. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली आणि माणसं घरात टिकतात असं तिथे दिसलं. आजींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा डिस्चार्जचे कागद आले तेव्हा पत्ता दादानेच लिहिला. फ्लॅट नंबर, इमारत, धायरी, पिनकोडसकट.

आजींना मागच्या पावसाळ्यात आम्ही निरोप दिला. मुलाने अंत्यविधी केला, तेरा दिवस पाळले, चौदाव्या दिवशी तो त्याच्या घरी, त्याच्या कॉटवर परत आला. तिथे जेवण होतं, गोळ्यांचा डबा होता, दादा आणि काका होते. त्याला नंतर भरती करावी लागली नाही. त्याची मावशी आता रविवारी येते.

माझं आणि दादाचं नातंही बदललं. फोनवर मी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारायचे, तो आता मी विचारत नाही. त्याने मला परवा मुलीच्या अ‍ॅडमिशनचं विचारलं, आणि कुठल्या शाखेला कोणता डिप्लोमा चांगला हे बराच वेळ समजावून सांगितलं.

सध्या गटातल्या चार घरांना मुलींसाठी आणि बहिणींसाठी असं घर हवं आहे. ते अधिक अवघड आहे. रात्री राहणारी मदतनीस बाई मिळाली तरी तिच्या सुटीच्या दिवशी दुसरी लागते, घरमालक चौकशा जास्त करतात, आणि भाऊ म्हणतात, आमच्याच घरात असू दे की. आम्ही वडगाव आणि नऱ्हे भागात जागा बघतो आहोत. तळमजला नको, लिफ्ट हवी, बसथांबा चालत जाण्याच्या अंतरावर हवा आणि औषधाचं दुकान जवळ हवं. गेल्या रविवारी चौघींपैकी दोघी स्वतः एक फ्लॅट बघून आल्या. स्वयंपाकघराला खिडकी नाही म्हणून त्यांनी तो नाकारला. आता या रविवारी दुसरा बघायचा आहे.